टाकी लावलेलं जातं

“पण बाबा, गावाचं म्हणजे कुणीही उचलून न्यायचं का?”

श्रीरंग अंगणातूनच बोलला. मठाची चढण चढून त्याला धाप लागली होती.

भिवाबाबा ओट्यावर गोधडी शिवत बसले होते. बारा वर्षांपूर्वी याच म्हाताऱ्यानं दारोदार फिरून जुन्या वस्तू मागितल्या, संग्रहालय उभं केलं आणि दारावर लिहिलं, ‘इथलं सगळं गावाचं.’ श्रीरंग त्यांचा शिष्य. शहरात रीतसर शिकून आलेला. काचेची कपाटं, कुलपं, वस्तूंखालच्या पाट्या... सगळं त्यानं केलेलं.

“काय नेलं?”

“जातं. सव्वाशे वर्षांचं! ज्यांनी ते दिलं होतं, त्या हौसाक्कांना म्हणे नातीची हळद दळायचीय. दोन माणसं आणली नि नेलंसुद्धा.”

“मग?”

“त्याला टाकी लावली, बाबा. छिन्नीनं सगळा दगड टोचून काढला! तुम्ही माझ्यावर सोपवलंत... आणि मी कमी पडलो.”

बाबांनी सुई गोधडीत खोचली, काठी घेतली आणि ते चढण उतरू लागले.

लग्नघरी जातं घरघरत होतं. श्रीरंगला पाहून बायका गप्प झाल्या.

हौसाक्कांनी खुंट्यावरचा हात काढला. “रागावलास व्हय रं? दगड पार गुळगुळीत झालता. दळंना.”

श्रीरंग बाबांकडे पाहू लागला.

“बस,” बाबा म्हणाले. “दळ.”

तो बसला. मूठभर हळकुंडाचे तुकडे टाकले, खुंटा ओढला. जातं अडलं. बायका फिसकन हसल्या.

“एवढं कोंबू नगं. जरा जरा घाल,” म्हणत हौसाक्का समोर बसल्या, त्याच्या हाताशी हात लावून खुंटा धरला आणि ओवी म्हणू लागल्या. ओवीत त्यांची सासू आली, सासूची सासू आली, या जात्यावर दळून गेलेल्या कितीजणी नावानिशी आल्या.

सहा वर्षं श्रीरंग या जात्याची धूळ पुसत होता. त्यातलं एकही नाव त्याला ठाऊक नव्हतं...

जात्याभोवती पिवळं पीठ साचत गेलं. त्याच्या बाह्या पिवळ्या झाल्या. आपण कधी हसू लागलो, त्याचं त्यालाच कळलं नाही.

परतताना तो हळूच म्हणाला, “बाबा, रिकाम्या जागी काय पाटी लावू?”

“लिही... कामावर गेलंय.”