अध्यक्षांचे गुडघे

कोल्हापुरातल्या एका मोटार-शर्यत क्लबचे अध्यक्ष आबासाहेब शितोळे म्हणजे बडं प्रस्थ. त्यांच्यापुढं ब्र काढायची कुणाची छाती नव्हती. क्लबच्या गाडीचं इंजिन धूर ओकू लागलं, तशी त्यांनी भरसभेत गर्जना केली, "इंजिन भंगारात! नवंच आणायचं."

त्याच गाडीवर शर्यती जिंकलेली मृणाल उठली. "आबासाहेब, इंजिन ठणठणीत आहे. पिस्टन तेवढे झिजलेत."

"झिजलं की बदलायचं!"

"बदलूया की. पण गेल्या साली तुमचे गुडघे झिजले, तेव्हा गुडघेच बदलले ना? आम्ही अध्यक्ष कुठं बदलला?"

सभा खो-खो हसली. आबासाहेब त्या नव्या गुडघ्यांवर ताडकन उठले आणि गरजले, "पिस्टन मागवा!"