कमळूची एकच इच्छा

निळ्या टेकड्यांच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाला, बांबूच्या हिरव्यागार बेटाशेजारी नऊ वर्षांची कमळू राहायची. आई ती तान्ही असतानाच गेलेली. बाबा टोपल्या विणायचे. पण हल्ली बाबा विसरायला लागले होते. आधी वीण विसरले, मग घराची वाट, आणि एका सकाळी कमळूकडे बघून त्यांनी विचारलं, "कोण गं तू, पोरी?"

गावाची एक रीत होती. ज्याला स्वतःचं कळेनासं होईल, त्याच्या वतीने थोरल्या भावाने ठरवायचं. पाटलीणबाईंनी चावडीवर सांगून टाकलं, "आजपासून नरहरी म्हणेल ते."

नरहरीकाकाला भाऊ नको होता, भावाचं बांबूचं बेट हवं होतं. तो बाबांना दिवसभर गोठ्यातल्या खुंट्याला बांधून ठेवी. पेज एकदाच देई, तीही गार. बाबांच्या मनगटांवर लालभडक वळ उठत. ते म्हणत, "मी काय केलं?" आणि थोड्या वेळाने तेही विसरत.

पाटलीणबाई चौकशीला आल्या की काका दोर सोडी, बाबांना लांब बाह्यांचा धुतलेला सदरा घाली. कमळूने त्यांना सगळं सांगितलं.

"बाळा, तू लहान आहेस," पाटलीणबाई म्हणाल्या. "काका बघतात ना सगळं." त्यांनी बाबांना विचारलं, तर बाबा नुसते हसले.

एके दिवशी काका म्हणाला, "उद्या याला डोंगरापलीकडच्या खोपटात नेऊन ठेवतो."

"एकट्यांना?" कमळूने विचारलं.

"त्याला काय कळतंय, एकटा आहे का कोणासोबत."

कमळू रानात गेली आणि जांभळ्या गवतफुलांत तोंड खुपसून रडली. रडून रडून आवाज बसला. तेवढ्यात एक फूल हललं आणि पाकळीवर बोटाएवढी परी उभी राहिली. तिचे चिमुकले पंख चतुराच्या पंखांसारखे झिलमिलत होते, केसांत दवाचे टपोरे मणी होते.

"रडू नकोस, चिमणे. माग काहीतरी," ती म्हणाली. "पण इच्छा एकच. आणि बोललेली परत घेता येत नाही."

"बाबांना सगळं आठवू दे."

परीचे पंख मिटले. "मनातून गेलेलं आणायची ताकद माझ्यात नाही गं. फार तर उद्याचा एक दिवस ते तुला ओळखतील. फक्त तुला, बाकी काही नाही. सूर्य मावळला की संपलं."

कमळूने डोळे पुसले. एक दिवस. बाबा तिला हाक मारतील, केसांवरून हात फिरवतील. तो दिवस तिला फार फार हवासा वाटला. मग तिच्या डोळ्यांसमोर डोंगरापलीकडचं ते खोपटं आलं.

"त्यांना जे सोसावं लागतं," ती हळूच म्हणाली, "ते गावाला कळू दे."

"मग ते तुला कधीच ओळखणार नाहीत, कमळू."

"ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाने बाबांना गाडीत बसवलं. निरोप द्यायला गाव जमलं होतं. "वाटेत उतरून जाईल," असं म्हणत काकाने दोर आवळला, आणि पाटलीणबाई कळवळल्या. त्यांच्या गोऱ्या मनगटावर लाल वळ उठला होता. शेजारच्या लोहाराच्या मनगटावरही. प्रत्येकाच्या मनगटावर. काकाचं मनगट तेवढं कोरं होतं.

पाटलीणबाईंनी बाबांच्या सदऱ्याची बाही वर सारली. तिथे तसेच वळ होते, जुनेही आणि ताजेही.

"सोड त्याला," त्या म्हणाल्या. "यापुढे याच्याबद्दल तू एक शब्द बोलायचा नाहीस. बेट याचं आणि याच्या लेकीचं. या दोघांचं मी बघेन." मग त्या कमळूसमोर खाली बसल्या. "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

त्या दिवसापासून बाबांना कोणी बांधलं नाही. रोज सकाळी ऊन ऊन पेज मिळू लागली.

एका सकाळी दोघं अंगणात पेज खात बसली असताना परी निरोप घ्यायला आली. तिने कमळूच्या कपाळाला इवलासा हात लावला. सोनेरी, गुलाबी, मोरपिशी उजेड अंगणभर उसळला आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

"कोण होतं गं?" बाबांनी विचारलं.

"परी होती, बाबा."

"आणि तू कोण?"

"मी कमळू."

"गोड नाव आहे," बाबा म्हणाले. "कोणी ठेवलं?"

"तुम्हीच," कमळू म्हणाली, आणि पेजेचा पुढचा घास तिने फुंकर मारून निववला.