जकात नाक्याचा बंदोबस्त

“रस्ता साफ केला, यात माझं चुकलं काय, महाराज?”

इन्स्पेक्टर भगवंत धायगुडे जरा चढ्या आवाजातच बोलले. नदीकाठच्या या मठात त्यांचं वर्षानुवर्षं येणंजाणं होतं, पण चेतनगिरी महाराजांपुढं त्यांचा आवाज असा कधी चढला नव्हता.

महाराज पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते.

“चुकलं असं कुठं म्हणालो? कसा साफ केलास, एवढंच विचारलं.”

धायगुड्यांना तेवढंच हवं होतं.

जकात नाक्याच्या रस्त्यावर दिवस कलला की धंद्याच्या बायका उभ्या राहायच्या. गाड्या रेंगाळायच्या. क्लासहून परतणाऱ्या शाळकरी मुलींपाशीसुद्धा गाडीवाले काच खाली करायचे. त्यांच्या आया रडत ठाण्यात आल्या, तेव्हा धायगुड्यांनी मनावर घेतलं. वस्तीतली माणसं जमवून समिती केली. खांबांवर दिवे लावून घेतले, गस्त वाढवली. शेवटी एकदा जंगी धाड घातली.

“पेपरात फोटोसकट छापून आलं, महाराज. आता पोरी निर्धास्त जातात-येतात. समिती माझा सत्कार करतेय. हार तुमच्या हातचा हवा.”

“पोरी निर्धास्त झाल्या, हे फार चांगलं झालं,” महाराज म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. “धाडीत पुरुष सापडले का?”

“सापडले की.”

“त्यांचेही फोटो आले?”

“नाही... त्यांना ताकीद देऊन सोडलं. बायकापोरांची माणसं. अब्रूचा प्रश्न होता.”

“बरं. आणि त्या बायका गेल्या कुठं?”

“गेल्या... असतील कुठंतरी.”

स्वयंपाकघराकडं तोंड करून महाराजांनी हाक मारली, “हौसाबाई, पाहुण्यांना पाणी आण गं.”

पदराला हात पुसत एक बाई बाहेर आली. हातात तांब्या होता. चेहरा घामेजलेला, कपाळाला पिठाचा हात लागलेला. चार पावलं ती सहज चालत आली. मग तिनं धायगुड्यांना पाहिलं.

तांब्या तिनं खाली ठेवला. पदर ओढून सगळं तोंड झाकलं. आणि कुणी काही म्हणायच्या आत ती भिंतीकडेला उकिडवी बसली, गुडघ्यांत मान घालून.

धायगुड्यांनी ती बैठक ओळखली. फोटोग्राफर येईपर्यंत सगळ्या बायकांना त्यांनीच दिव्याखाली रांगेनं तसंच बसवलं होतं. दोन्ही बाजूंना गर्दी होती. कुणी शिट्ट्या मारत होतं. धायगुडे मध्ये उभे राहून मिशीवर हात फिरवत होते...

“अहो, उठा बाई,” ते घाईघाईनं म्हणाले.

ती उठली नाही.

“इथं काही नाही. उठा.”

पदराआडून बारीक आवाज आला. “फोटो झाला का, साहेब?”

धायगुड्यांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. नजर कुठं ठेवावी ते कळेना.

“महाराज, तुम्ही तरी सांगा तिला उठायला.”

“तिला मी नाही बसवलं.”

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी कुणी हललं नाही.

धायगुडे बैठकीवरून उठले. तिच्यासमोर, उघड्या फरशीवर जाऊन बसले. त्यांची मान खाली गेली ती वर येईना.

पदर जरासा हलला.

“जाऊ का, साहेब?”

धायगुड्यांनी ओल्या डोळ्यांनी महाराजांकडं पाहिलं. “काय सांगू हिला, महाराज?”

महाराजांनी नवी शेंग उचलली.

“तू विचार तिला... मी जाऊ का, म्हणून.”