अध्यक्षांचं आत्मचरित्र

सांगलीतल्या एका वाचक मंडळात कथा-कादंबऱ्यांना मज्जाव होता. दर महिन्याला खऱ्या गोष्टींवरचं एखादं पुस्तक निवडायचं आणि त्यावर चर्चा करायची. चर्चा म्हणजे काय, तर अध्यक्ष दिगंबरराव खोपकरांचं भाषण! त्यात कुणी तोंड घालू नये म्हणून त्यांनीच नियम केला होता, की जो पुस्तक सुचवेल त्यानं चर्चेत गप्प बसायचं. स्वतः ते कधीच पुस्तक सुचवत नसत.

या खेपेला इंदुताई वाळिंब्यांनी गांडुळांवरचं पुस्तक सुचवलं.

"गांडुळं?" अध्यक्ष फिस्सकन हसले. "त्यापेक्षा मी माझं आत्मचरित्र सुचवतो. एखादं थोर आयुष्य वाचा जरा!"

इंदुताईंच्या मस्तकात तिडीक गेली, पण त्या गोड हसल्या. "उत्तम! म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही गप्प बसणार आणि तुमच्याबद्दल आम्ही बोलणार."

खोपकरांचा चेहरा खर्रकन उतरला. "मग... तुमच्यापैकी कुणीतरी ते सुचवा."

सगळे आपापल्या चहाच्या कपात बघू लागले.

"राहू द्या तर," इंदुताई म्हणाल्या. "गांडुळंच वाचू. जमिनीचं एवढं भलं करतात बिचारी, पण स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाहीत."