आधी विचार, मग पाकळी

डोंगराच्या कुशीत, जिथे धुकं उन्हं वर येईपर्यंत लोळत पडतं, तिथे केवडेवाडी नावाचं इवलंसं गाव होतं. गावाला एक मळा होता, सोनमळा. त्यात हळदीसारखी पिवळी शेवंती, लालचुटूक गुलाब आणि निळसर जांभळे अष्टर असे फुलायचे, की वाटावं इंद्रधनुष्यच खाली उतरून पाय पसरून बसलंय.

गावातली सगळी माणसं या मळ्यात काम करायची. सगळी म्हणजे, ज्यांना टोपली उचलता यायची तेवढी. हंगाम सुरू झाला की मुकादम दौलतनाना फाटकाशी दगडांनी भरलेली टोपली ठेवायचे. ती डोक्यावर घेऊन न थांबता विहिरीपर्यंत जो जाईल त्याला काम, बाकीच्यांनी घरी जायचं. रीतच होती तशी.

रेवूची आई, सगुणाबाई, दरवर्षी ती टोपली उचलायची. पण यंदा तिचा हात मोडला आणि वाकडाच जुळला. टोपली छातीपर्यंत आली आणि धपकन पडली.

"पुढच्या वर्षी बघू, सगुणाबाई," नाना मान वळवून म्हणाले.

घरी आल्यावर आईने रेवूला जवळ घेतलं. "बाजाराच्या दिवशी मिठागराची गाडी येते गं. मी त्या गाडीने तिकडे कामाला जाते. तू मामाकडे राहा."

"किती दिवस?"

आई तिच्या कपड्यांच्या घड्या घालू लागली.

आठ वर्षांची रेवू एरवी कोणाशी फारसं बोलायची नाही. पण तिच्या डोक्यात प्रश्नांची मधमाश्यांसारखी गुणगुण चाललेली असायची. मुंग्या रांगेतच का जातात? गुलाबाला काटे कोण लावतं? त्या दिवशी मात्र एकच प्रश्न उरला होता. आईला काम कुठे मिळेल?

विचार करत करत ती मळ्याच्या कुंपणाशी आली. तिथे कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकत होतं. दवाचा थेंब? नाही, थेंबाला कुठे पंख असतात! ती होती एक पिटुकली परी. अंगठ्याएवढी उंच, गुलबक्षीच्या पाकळ्यांसारखे पंख, आणि जाळ्यात गुरफटलेले पिटुकले पाय.

"कोळीदादा," रेवू हळूच म्हणाली, "हिला सोडवू का? जाळं फार नाही फाटू देणार."

कोळी दोन पावलं मागे सरकला. रेवूने काडीने अलगद तंतू बाजूला केले. परी भुर्रकन वर उडाली आणि सोनेरी धूळ रेवूच्या नाकावर सांडली. रेवू शिंकली.

"मी पाकुली," परी किणकिणली. "कोळ्यालासुद्धा विचारणारी मुलगी मी पहिल्यांदाच बघतेय! या घे तीन चंदेरी पाकळ्या. नाव घेऊन एक फुंकलीस, की त्या माणसासाठी कामाचं दार उघडेल. पण नियम आहेत हं. मागणं स्वतःसाठी नाही. दार मी उघडीन, काम मात्र ज्याचं त्याने करायचं. आणि फुंकण्याआधी त्या माणसाला विचारायचं, त्याला काय करायला आवडेल ते."

रेवू आनंदाने अशी पळत सुटली, की शेवटचं वाक्य तिच्या कानात शिरलं पण डोक्यापर्यंत पोचलंच नाही.

वाटेत पारावर हरबाकाका बसले होते. त्यांना दिसत नसे. रेवूला त्यांची फार कणव आली. एक पाकळी तर खुशाल द्यावी त्यांना! "हरबाकाकांना सावलीत बसून हार ओवायचं काम मिळो," म्हणत तिने पाकळी फुंकली. लख्खकन चमकलं. लगेच नानांचा माणूस काकांना बोलवायला आला.

दुसऱ्या दिवशी रेवू बघायला गेली, तर काका फुलांच्या ढिगात तोंड पाडून बसलेले.

"आवडलं ना काम, काका?"

"पोरी, जन्मभर लोकांनी मला कोपऱ्यात बसवलं. आता फुलांच्या कोपऱ्यात बसवलंय, एवढाच फरक."

तेवढ्यात फुंकलेली पाकळी वाऱ्यावर परत आली. तपकिरी, चुरगळलेली.

"कोळ्याला विचारलंस," पाकुली तिच्या कानाशी कुजबुजली, "आणि काकांना विचारायला विसरलीस."

रेवूचे कान लाल झाले. ती काकांसमोर मांडी घालून बसली. "काका, तुम्हाला काय करायला आवडेल?"

काका खदखदून हसले. "मला? गप्पा मारायला! फाटकाशी फुलं न्यायला आलेल्या व्यापाऱ्यांची भांडणं ऐकतेस ना? कोणाची गाडी आधी आली ते मला चाकांच्या आवाजावरून कळतं. मी एकेकाला नावाने हाक मारून आत घेईन."

दुसरी पाकळी उडाली. काका फाटकावर उभे राहिले आणि भांडणं थांबली. "या सखारामशेठ! गाडीच्या चाकाला तेल घाला की जरा, भुकेल्या मांजरासारखं रडतंय!" व्यापारी पोट धरून हसायचे.

आता उरली एकच पाकळी. ती रेवूने आईसाठी मुठीत घट्ट धरून ठेवली.

बाजाराच्या दिवशी सकाळी कुंपणाशी तिला खंडू दिसला. खंडूने कधीतरी बकरी चोरली होती आणि तुरुंगात जाऊन आला होता. त्याने तर टोपली एका दमात विहिरीपर्यंत नेली होती! पण नाना म्हणाले होते, "आज टोपली उचललीस, उद्या मळा उचलशील." तो आता वाऱ्याने पडलेली रोपं गुपचूप उभी करत होता. कोणी सांगितलं नव्हतं, मोबदलाही नव्हता.

रेवूच्या तोंडून प्रश्न निसटला. "खंडूदादा, तुला काय करायला आवडेल?"

"रोपं लावायला," तो खाली बघत म्हणाला. "तिथे तुरुंगात मी वांगी लावली होती. चोर कोण, साव कोण, रोपाला काय ठाऊक? हात लावला की रुजतं. घरी म्हातारी विचारते, काम मिळालं का? मी रोज म्हणतो, उद्या."

रेवूने मूठ छातीशी धरली. "पाकुली, एकीच्या दोन करता येतील?"

"अर्ध्या पाकळीने दार अर्धंच उघडतं गं. त्यातून कोणीच आत जाऊ शकत नाही."

रेवूने मूठ उघडून पाकळीकडे पाहिलं. मग डोळे मिटून तिने खंडूचं नाव घेतलं आणि पाकळी फुंकली. लख्खकन चमकलं आणि नानांनी मळ्यातून खंडूला रोपं लावायला हाक मारली.

ती रडत घरी आली, तेव्हा आई गाठोडं बांधत होती. हुंदके देत रेवूने सारं सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं, की आपण हा प्रश्न आईला कधी विचारलाच नाही.

"आई, तुला काय करायला आवडेल?"

आईचे हात थांबले. "मला? नव्या बायका कामाला यायच्या ना, त्यांच्याशी बोलायला आवडायचं. कोणाला काय जमतं, कोण कशाला घाबरतं... समजलं की मी त्यांना हवं तिथे बसवायची. पण असलं काम असतं का कुठे?"

रेवू उठली आणि धावत फाटकाशी गेली. मुठीत आता काही नव्हतं.

"नाना, फुलं तर हलकी असतात. मग टोपलीत दगड कशाला?"

नाना चपापले. "अगं, माझ्या आजोबांच्या वेळी हे माळरान होतं. दगडच दगड. ते उचलून नेणारी माणसं हवी होती."

"मग आता ते दगड कुठे आहेत?"

नानांनी मळ्यावर नजर फिरवली. शेवंती, गुलाब, अष्टर. दगड एकही नव्हता. होते ते फक्त टोपलीत.

नाना मिशीतल्या मिशीत हसू लागले, मग मोठ्याने. "आणि टोपली नको, तर माणसं निवडायची कशी गं, शहाणे?"

"विचारून. आईला विचारता येतं. काका आणि खंडूदादा कसं काम करतात, तुम्ही बघताय ना?"

मिठागराची गाडी धूळ उडवत निघून गेली. सगुणाबाई तिच्यात नव्हती. ती फाटकाशी, गुलमोहराखाली बसली होती. समोर काम मागायला आलेल्यांची रांग होती. लंगडणारी रखमा, अडखळत बोलणारा तुका, म्हातारे भाऊसाहेब.

"कोणापासून सुरू करायचं?" नानांनी विचारलं.

"तुमच्यापासूनच," सगुणाबाई म्हणाली. "बसा, नाना. तुम्हाला काय करायला आवडेल?"

नानांनी इकडे तिकडे पाहिलं. मिशी ओढली. एवढा मोठा माणूस, पण गाल लहान मुलासारखे लाल झाले.

"मला?" ते हळूच म्हणाले. "हे कोणी विचारलंच नव्हतं."

गुलमोहराच्या पानांतून किणकिणतं हसू ऐकू आलं. रेवूने वर पाहिलं. पाकुलीने पंख पसरले, ती उन्हाचा एक कण झाली, मग अनेक कण झाली, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर थोडं थोडं सोनं सांडून दिसेनाशी झाली.