पाणचक्कीखालचं गाणं

त्या राज्यात धुकं कधी उठत नसे. चार पावलांपलीकडे कुणाला कुणी दिसत नसे, म्हणून जो तो जाग आल्यापासून झोप लागेपर्यंत ‘हा मी, हा मी’ असं ओरडत राही. झोपेतही मोठ्याने घोरणाऱ्यालाच निर्धास्त झोप लागे. कारण कुणी गप्प झालं की शेजारी म्हणत, “संपला वाटतं,” आणि संध्याकाळच्या आत त्याच्या बिळात दुसरा कुणी राहायला येई.

चिचुंद्रीचा आवाज फार बारीक होता. एकदा ती घरी परतली तर तिच्या बिळात एक जाडा उंदीर पाय पसरून बसला होता.

“अरेच्चा, आहेस होय तू?” तो म्हणाला. “आम्हाला वाटलं, गेलीस.” आणि तो जागचा हलला नाही.

तेव्हापासून चिचुंद्री बंद पडलेल्या पाणचक्कीखाली राहू लागली. तिथे इतकी ओल होती, की ती जागा बळकावावी असं कुणालाच वाटत नसे. तिथेच तिला आणखी तिघे भेटले. एका पोकळ ओंडक्यावर वाळक्या वेली ताणून त्या छेडणारी खार, अंगावरचे काटे तालात खुळखुळवणारं साळिंदर आणि स्वतःच्याच पाठीवर दगड आपटून ठेका धरणारं म्हातारं कासव. त्या चौघांचं एकेकट्याचं ओरडणं कुठवरच पोचत नसे. एकत्र केलेला आवाज निदान पाणचक्कीच्या दारापर्यंत तरी पोचेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्याचं गाणं कधी झालं, हे त्यांनाही कळलं नाही.

हळूहळू गाणं ऐकायला आसपासचे येऊ लागले. तेही बहुतेक बारीक आवाजाचेच होते. एक ससा तर रोज येई आणि अगदी पुढे बसे.

एका संध्याकाळी चूक झाली. गाणं ऐन रंगात असताना कासवाने दगड उचलला, पण दाराशी इतकी गर्दी पाहून ते घाबरलं आणि त्याने मान आत ओढून घेतली. ठेका पडलाच नाही. खारीचे पंजे थबकले, साळिंदराचे काटे थांबले. चिचुंद्रीने तोंड मिटलं. आता कुणीतरी म्हणणार, “संपले वाटतं!” आणि ही जागाही जाणार.

कुणीच काही म्हणालं नाही. ऐकणारेही गप्प झाले होते. जन्मात पहिल्यांदाच ते सगळे एकदम गप्प होते. चक्कीच्या फळीवरून थेंब पडला, तो सगळ्यांना ऐकू आला. सशाला शेजारच्याचा श्वास ऐकू आला आणि त्याने कान टवकारले. मग कासवाने मान बाहेर काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि दगड आपटला. ठक्. गाणं पुढे सुरू झालं. त्या रात्री कुणाचीही जागा गेली नाही.

पुढे प्रत्येक गाण्यात कासव त्याच ठिकाणी मान आत घेऊ लागलं. चौघांनी ती गाणी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत भरली. शंख कानाला लावला की गाणं ऐकू येई आणि मधल्या त्या शांततेत पाणचक्कीचे थेंब. ते शंख हातोहात फिरले. ज्याच्या घरी शंख असे, तो त्या ठिकाणी तोंड मिटून बसे आणि त्याला भीती वाटत नसे.

वर टेकडीवर मोठं शंखघर होतं. तिथल्या भल्यामोठ्या शंखात जे गायलं जाई, ते राज्यातल्या घराघरांत पोचे. कुणाला तिथे बोलवायचं, हे दरवर्षी खडे टाकून ठरत असे. त्या वर्षी आजवर कधीच खडा न टाकलेले सगळे बिळांतून बाहेर आले. पाणचक्कीच्या नावाचा ढीग एवढा झाला, की कारभारी धनेशाने तो स्वतःच्या चोचीने दोनदा चाचपून पाहिला.

त्याने गाणं ऐकलं आणि मान डोलावली. “गोड आहे, बाई. पण मध्ये हे काय होतं?”

“तिथे आम्ही थांबतो,” चिचुंद्री म्हणाली.

“थांबता? लोक म्हणतील, संपलात. टेकडीवर कुणी थांबत नाही.” धनेशाने सुतारपक्ष्याला पुढे केलं. “हा ठेका धरील. हा कधी चुकत नाही.”

चिचुंद्रीने खारीकडे पाहिलं. खार शेपूट फुलवून म्हणाली, “एवढ्याने काय बिघडतंय गं? आयुष्यभर ओलीतच राहायचं का?” साळिंदर नुसतं काटे मिटून बसलं.

कासव टेकडीच्या पायथ्याशीच थांबलं होतं. चिचुंद्री त्याच्यापाशी गेली. ती काही सांगायच्या आत तेच म्हणालं, “चढ मोठा आहे गं पोरी. तुम्ही व्हा पुढे. मी येतो मागून.”

“या हं, कासवबुवा,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि झपाझप वर निघून गेली.

टेकडीवर कोरडं होतं. गाणी मोठ्या शंखातून घरोघर गेली. सुतारपक्षी खरंच कधी चुकला नाही. चिचुंद्रीचं नाव धुक्याच्या टोकापर्यंत पोचलं, आणि तिला आता ‘हा मी’ म्हणायची गरजच उरली नाही.

मोठ्या जत्रेच्या आदल्या दिवशी ती खाली आली आणि सशाच्या बिळाशी थांबली. ससा टेकडीवरून आलेला नवा शंख कानाला लावून बसला होता. गाणं त्या ठिकाणाशी आलं. सशाने सवयीने तोंड मिटलं, डोळेही मिटले. गाणं थांबलं नाही, तसंच पुढे गेलं. सशाने दचकून डोळे उघडले आणि चोरी पकडली गेल्यासारखा घाईघाईने ओरडू लागला, “हा मी, हा मी, हा मी!”

चिचुंद्रीला दारात उभं राहवेना. तिने कसंबसं विचारलं, “कासवबुवा कुठे असतात?”

“निघाले की ते केव्हाच,” ससा म्हणाला. “तुम्हाला म्हणाले होते ना, मागून येतो?”

जत्रेच्या दिवशी टेकडी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणत होती. धनेश चिचुंद्रीच्या कानाशी वाकला. “पायरीवर तितर तयार आहेत, बाई. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तरी ते गायला लागतील, आणि जागा त्यांची. मग मी काही करू शकत नाही.”

तितरांनी गळे फुगवले होते. त्यांचे डोळे तिच्या तोंडावर होते.

गाणं सुरू झालं. ते ठिकाण जवळ येत गेलं. पुढचा शब्द चिचुंद्रीच्या जिभेवर होता.

तिने तोंड मिटलं.

सुतारपक्ष्याने आणखी दोन टोले मारले. मग तो गोंधळून थांबला. “गा ना!” खार दातांतून म्हणाली. “अगं ए, गा! आपण गेलो!” साळिंदराने तिच्याकडे पाहिलं आणि आपले काटे एकेक करून अंगाशी मिटले. ते पाहून खारीचे पंजेही वेलींवरच राहिले.

गर्दीत पुढे बसलेल्या सशाने तोंड मिटलं. त्याच्या शेजारचीने मिटलं. मग मागच्या रांगेने, त्यामागच्या रांगेने. ‘हा मी, हा मी’ टेकडीवरून उतरत उतरत विरत गेलं. तितरांच्या चोची उघडल्या होत्या. धनेशाने मान वर करून त्यांना खूण केली.

तेवढ्यात खालून, धुक्यातून, एक आवाज आला. दगडावर काहीतरी घासल्याचा. खर्र्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, थोडा वर, खर्र्.

तितरांनी माना तिकडे वळवल्या. धनेशाची खूण तशीच हवेत राहिली. चिचुंद्री तोंड मिटून उभी होती, आणि अख्ख्या टेकडीवर कुणीही घाई करत नव्हतं.