सोनचाफा घाट चढतो

ट्रक आणि त्यांचे भाग जेव्हा आपापसांत बोलत, तेव्हाची गोष्ट. सोनचाफा नावाचा ट्रक जत्रेचा अवजड आकाशपाळणा ओढत घाट चढत होता. एक मोटार झर्रकन पुढे गेली, तसा तो ईर्ष्येला पेटला आणि वरच्या गिअरमध्येच जोर करू लागला.

“दादा, मी भाजतोय!” सायलेन्सर कळवळला. “आणखी तापलो तर तुझं इंजिनच बसेल.”

“हळू गेलो तर लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. जत्रेत पोरं वाट बघतायत, त्यांना काय सांगशील?”

सोनचाफा वरमला. गिअर उतरवून, जोर आवरून तो बैलाच्या चालीने माथ्यावर पोहोचला. तिथेही इंजिन एकदम बंद न करता तो संथ घुरघुरत राहिला आणि सायलेन्सर निवल्यावरच गप्प झाला.

संध्याकाळी पाळणा आभाळाला भिडला. “अजून जोरात!” पोरं वरून ओरडली आणि खाली ते दोघे खदखदून हसले.